चौथ्या मालकाची सात सीटर

“फोर्थ ओनर म्हणजे या गाडीची चार लग्नं झाली म्हणायचं का?” कमलताईंनी विचारलं.

मी तेव्हा गाडीखाली पाठीवर आडवी होते, हातात टॉर्च. हसायला गेले आणि सायलेन्सरवरची धूळ तोंडात आली. वर सुनंदा पगारे आपल्या नणंदेला दबक्या आवाजात सांगत होत्या, “ताई, हळू बोला. गाडीवाले इथंच उभे आहेत.”

गाडीवाले म्हणजे संतोष आहेर. त्र्यंबकेश्वरला त्यांचं लॉज आहे. त्यांनी ऐकलं होतंच. “बरोबर आहे ताई,” ते म्हणाले, “आणि पाचवं तुमच्याशी जमवायला आलोय.”

जुनी गाडी विकत घेण्याआधी ती तपासून द्यायची, हे माझं काम. त्याआधी बरीच वर्षं मी विम्याच्या कामात मोटर सर्व्हेअर होते. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, काय आत्ता मोडलं आणि काय आधीच मोडलेलं होतं ते ठरवायचं, रिपोर्ट लिहायचा. त्या कामाने मला एक खोड लावली. गाडी फार चांगली दिसली की मी आधी अस्वस्थ होते.

ही गाडी फार चांगली दिसत होती. पांढरी, डिझेलची, सात सीटर एसयूव्ही. दरवाजे एका बोटाने बंद होत होते.

घेणारी मंडळी नाशिक रोडची. एका कॉलनीतलं गाण्याचं पथक. सुनंदाताई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आणि पथकाच्या मुख्य गायिका. त्यांचे मिस्टर मिलिंदराव सरकारी नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले, ते ढोलकीवर. मिलिंदरावांची मोठी बहीण कमलताई, सत्तरीच्या, त्या पेटीवर. शेजारच्या शारदा आणि रेखा कोरसला. हे पाचजण गावोगावी प्रबोधनाची गाणी गातात. जयंतीच्या दिवसांत तर त्यांना एका दिवसात दोन गावं करावी लागतात.

मागच्या जयंतीला ठरवलेला गाडीवाला ऐनवेळी आलाच नाही. पेटी, ढोलकी आणि साऊंडचा खोका घेऊन पाचजण रस्त्यावर उभे राहिले. तिकडे गावात मंडप भरलेला, स्टेज रिकामं.

“नंतर गावातलं कोणी एका शब्दाने बोललं नाही,” सुनंदाताईंनी मला सांगितलं होतं. “मॅडम, बोलले असते तर बरं वाटलं असतं.”

त्यानंतर पाचजणांनी मिळून गाडी घ्यायचं ठरवलं. प्रत्येकाने आपापल्या शिलकीतून घातले. चुकीची गाडी गळ्यात पडली असती तर पुन्हा जमवण्यासारखं कोणाकडे काही उरलं नव्हतं. म्हणून सुनंदाताई माझ्याकडे आल्या होत्या.

आता फोर्थ ओनरचं सांगते. गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे आपण आरसी म्हणतो ते, त्यावर आत्ताचा मालक कितवा हे लिहिलेलं असतं. आहेर चौथे होते. बाजारात चौथा आकडा बघून बरेच जण पुढचं बघतच नाहीत. मी बघते. मालक किती झाले यापेक्षा कोण किती टिकला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या गाडीचा पहिला मालक शहरातला एक डॉक्टर. त्यांनी ती बरीच वर्षं वापरली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलं. इथपर्यंत उत्तम. पण त्यांच्यानंतरचे तिघे भराभर झाले. आले आणि गेले. चांगली गाडी माणूस अशी भराभर का सोडेल?

याचं उत्तर गाडीतच असणार असं धरून मी कामाला लागले.

आधी चासी पाहिली. चासी म्हणजे गाडीचा पाठकणा. मोठा ठोका बसला असेल तर तिथे वेल्डिंग दिसतं. काही नव्हतं. मग पेंट मीटर फिरवला. हे छोटं यंत्र पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे ते कळतं. जिथे पत्रा ठोकून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तिथे थर जाड लागतो. सगळीकडे कंपनीचाच रंग. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. इंजिन आतून झिजलं असेल तर तिथून भकाभका धूर येतो. आला नाही. शेवटी स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरला काही तक्रार असेल तर ती स्कॅनरवर कोडच्या रूपात दिसते. एकही कोड नाही. किलोमीटरचा मीटरही मागे फिरवलेला नव्हता.

मला राग यायला लागला.

“काय निघालं?” मिलिंदरावांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग चांगलंच की!”

“नाही. तिघांनी भराभर विकलीये. काहीतरी आहे, आणि ते मला दिसत नाहीये.”

मी आहेरांकडे वळले. “भाऊ, तुम्ही का विकताय?”

“नवीन घेतली ना ताई. लॉजपुढे दोन गाड्या लावायला जागा नाही.”

“नवीन का घेतली? ही तर मस्त आहे.”

ते चावी बोटावर फिरवायला लागले. “घरचे म्हणाले, घेऊ.”

माणूस खोटारडा वाटत नव्हता. पण पूर्ण बोलतही नव्हता. मी त्यांना आधीच्या मालकांचे फोन नंबर मागितले. तिसरा मालक परदेशी गेलेला, त्याचा नंबर लागत नव्हता. दुसऱ्याचा नंबर मात्र आहेरांकडे निघाला, आणि तो कसा निघाला ते ऐकण्यासारखं आहे. सायखेड्याचे दत्तूनाना, द्राक्षबागायतदार, त्र्यंबकला आले की याच लॉजवर उतरायचे. एकदा त्यांनी लॉजपुढे आपली जुनी गाडी उभी पाहिली आणि आधी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला, मग खोली मागितली. तेव्हापासून दोघांची ओळख.

नंबर दिला याचा अर्थ आहेरांना फार काही लपवायचं नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. ऐकायला सगळे जवळ आले.

“लय भारी गाडी हे ती,” दत्तूनाना सुरूच झाले. “अजून याद येती. मी तिला काय नाय केलं सांगा? सीट कव्हर टाकले, वर कॅरियर बसवला, खाली चांगलं जाड फ्लोरिंग मारलं. बागेतून आलं की पायाला चिखल राहतो ना. पोरीच्या लग्नात नवरदेव तिच्यातच आणला आम्ही.”

“मग विकली का नाना?”

“आता तुम्ही विचारलंच तर सांगतो. एकट्यानं चालवा, वाघ हे. पण सातजण बसवा अन् गडाचा घाट लावा, म्हैस होती. एकदा तर पाव्हण्यांना खाली उतरायला लावलं मी. सोयरे होते हो नवे! तीन ठिकाणी दाखवली. कोणाला काय घावलं नाय.”

फोन ठेवला. मी आहेरांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“भाऊ, घाटात काय करते गाडी?”

“चढते.”

“कशी?”

“रडत,” ते म्हणाले. “ताई, खोटं नाही बोललो. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. मी दोन वर्कशॉपला दाखवली. ते चालवून बघतात आणि म्हणतात काही नाही, मस्त पळते. रिकामी पळतेच हो!”

आपल्याकडे याला ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणतात. त्याची कारणं डझनभर असतात. डिझेल पुरेसं पोचत नसेल. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, कमी पडत असेल. कुठला पाइप दाबाखाली फुगून गळत असेल. यातली काही कारणं किरकोळ असतात, काही अशी की दुरुस्तीपेक्षा दुसरी गाडी बघावी. आणि रिकाम्या गाडीत यातलं काहीच कळत नाही, कारण रिकाम्या गाडीला जोर लावावा लागत नाही.

माझ्या धंद्यातल्या सोप्या नियमाने मी इथेच ‘घेऊ नका’ म्हणायला हवं होतं. दोष आहे, कारण माहीत नाही, विषय संपला. सुनंदाताईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, “लांबलचक रिपोर्ट नको मॅडम. घेऊ की नको, तेवढं सांगा.” पण बाकी इतकी निरोगी गाडी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. कारण न कळता ती सोडून देणं मला जमेना.

“एक करू,” मी म्हणाले. “भरलेल्या गाडीची ट्रायल घेऊ. रविवारी सकाळी. पथकाचे तुम्ही पाचजण, आहेरभाऊ आणि मी. सात झाले. पेटी, ढोलकी, साऊंड, सगळं बरोबर. कार्यक्रमाला निघता तसंच.”

“कुठे?” रेखाने विचारलं.

“सप्तशृंगी गडाच्या घाटात. तिथे ही म्हैस होते ना, तिथेच बघू.”

आहेर लगेच म्हणाले, “चालेल. ट्रायल तुम्ही घ्या, दर्शन मी घेईन.”

रविवारी सकाळी छान थंडी पडली होती. मी मागितलं होतं वजन, आणि हजर झाली सहल. शारदाच्या हातात भाकरीचा भला मोठा डबा, रेखाकडे ठेचा, पिठलं आणि कांदे. सुनंदाताईंनी तिळगुळाच्या पोळ्या आणल्या होत्या. कमलताई तर पांढरीशुभ्र ठेवणीतली साडी नेसून, चष्मा पुसून तयार.

“ताई, आपण गाडी तपासायला चाललोय,” मिलिंदराव म्हणाले.

“मग काय झालं? ती आपल्याला बघणारे, आपण तिला बघणार. नीटनेटकं जायला नको?”

पेटी आणि साऊंडचा खोका कॅरियरवर बांधला. मिलिंदराव स्टिअरिंगला, त्यांच्या शेजारी मी, मांडीवर स्कॅनरचा टॅब. मधल्या सीटवर सुनंदाताई, कमलताई आणि आहेर. मागे शारदा, रेखा आणि त्यांच्या मध्ये ढोलकी, जणू आठवा माणूस. 

दिंडोरी, वणी, रस्ता सपाट. गाडी झकास चालली होती. मागून गाणं सुरू झालं. आहेरांना आधी संकोच वाटत होता, मग त्यांनी दरवाजावर ठेका धरला. कमलताईंनी त्यांना एकदा थांबवून ठेका दुरुस्तही करून दिला. मी एका बाजूला आकडे बघत होते आणि दुसऱ्या बाजूला मनात म्हणत होते, हिला काही होऊ नये.

नांदुरी मागे पडलं आणि घाट सुरू झाला.

पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्या वळणाला गाडी जड झाली. मिलिंदरावांनी गिअर खाली घेतला. पुढच्या चढाला आणखी खाली घेतला. इंजिनाचा आवाज येत होता, पण त्यात दम नव्हता. मागून एसटी आली, हॉर्न देऊन पुढे गेली. मग भाजीचे क्रेट रचलेला एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या ड्रायव्हरने वळून बघितलं.

गाणं आपोआप थांबलं.

“आम्ही उतरू का?” मागून रेखाचा आवाज आला.

“मीच न जेवता यायला पाहिजे होतं,” कमलताई म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

सुनंदाताई खिडकीबाहेर बघत होत्या. “मॅडम,” त्या हळूच म्हणाल्या, “राहू द्या. नको आम्हाला. मिलिंद, जागा मिळाली की वळव.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. पण मिलिंदरावांनी आरशात त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

आहेर म्हणाले, “मला माफ करा वहिनी.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

मी टॅबवरून नजर काढली नव्हती. डिझेलचा दाब व्यवस्थित होता. टर्बो हवा देत होता. कुठेही काही कोसळत नव्हतं, काही अडखळत नव्हतं. हेच विचित्र होतं. थकलेलं इंजिन असं दिसत नाही. आजारी माणूस जिना चढताना धापा टाकतो. हा माणूस धापा टाकत नव्हता, निवांत चढत होता, कारण त्याला कोणी घाई करायला सांगतच नव्हतं.

सांगतच नव्हतं! मी दुसरा आकडा उघडला.

पूर्वीच्या गाड्यांत एक्सलेटरच्या पॅडलपासून इंजिनापर्यंत तार असायची. आता तार नसते. पॅडलला एक सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर तेवढं डिझेल सोडतो. पाय पूर्ण दाबला की टॅबवर आकडा शंभराच्या जवळ जातो. इथे तो साठच्या पुढे जायला तयार नव्हता.

“मिलिंदराव, पाय पूर्ण दाबा.”

“दाबलाय मॅडम.”

“पूर्ण.”

“खाली टेकलाय हो! आता काय गाडीच्या बाहेर काढू पाय?”

“टेकलाय? कशाला टेकलाय?”

“म्हणजे?”

“गाडी बाजूला घ्या. रुंद जागा दिसतेय, तिथे.”

रस्त्याकडेला बोरं विकणाऱ्या एका बाई बसल्या होत्या, त्यांच्यापाशी गाडी थांबली. इंजिन बंद केलं. मी मिलिंदरावांना उतरवलं, त्यांच्या जागी गुडघे टेकून डोकं आत घातलं आणि पॅडल हाताने दाबलं. ते खाली गेलं आणि मऊसूत काहीतरी लागून थांबलं. फ्लोरिंग. म्हणजे गाडीच्या तळाला चिकटवलेलं ते जाड रेक्झिन, खाली फोम असतं ते. मी बोटांनी दाबून बघितलं. गादीसारखं लागलं. कडेला नख घालून उचकटलं तर वर तपकिरी थर, त्याच्या खाली काळा थर, त्याच्या खाली कंपनीचं कार्पेट. काळा दत्तूनानांचा. तपकिरी त्यांच्यानंतरच्या मालकाचा. त्याला नानांचा रंग आवडला नसावा, आणि काढायचा कंटाळा आला असावा.

मी तिथेच बसून हसायला लागले. मला आवरेना.

“काय झालं मॅडम?” सुनंदाताई धावत आल्या.

“गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही पाय दाबता, पण पॅडल पुरतं खाली जातच नाही. मध्ये गादी घातलीये. एकटा माणूस असला, सपाट रस्ता असला, तर अर्धं पॅडलही पुरतं. सातजण बसले आणि घाट लागला की पूर्ण लागतं. ते हिला कोणी कधी दिलंच नाही.”

“आणि वर्कशॉपवाले?”

“त्यांना रिकामी गाडी मिळाली. ती पळाली. इंजिनात दोष शोधला, तो तिथे नव्हताच. मीही परवा तेच केलं.”

शारदाने कांदे चिरायची सुरी पुढे केली. मी आहेरांकडे बघितलं. “गाडी अजून तुमची आहे. कापू का?”

“कापा ताई, कापा! नाहीतर द्या, मीच कापतो.”

पॅडलखालचा वहीएवढा तुकडा मी दोन्ही थरांसकट कापून काढला. तो हातात धरला तर पावाच्या जाड स्लाइससारखा दिसत होता. बोरंवाल्या बाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि बसायला मागून घेतला. पॅडल पुन्हा दाबलं. टक्. लोखंडी टोकाला टेकल्याचा आवाज. टॅबवर आकडा शंभराला चिकटला.

“बसा सगळे,” मी म्हणाले. “मिलिंदराव, सवयीने एकदम दाबू नका. बेताबेताने.”

त्यांनी तरी जरा जास्तच दाबलं. गाडीने असा झटका घेतला की ढोलकी मागच्या काचेवर जाऊन आदळली आणि कमलताई ओरडल्या, “अगं बाई बाई बाई!”

मग सगळे नुसते हसत होते. वळण, चढ, पुन्हा वळण. जिथे पहिला गिअर टाकावा लागला होता तसल्याच चढावर आता तिसरा चालत होता. मिलिंदराव लहान मुलासारखे सांगत होते, “मॅडम, ही मला सीटवर मागे ढकलतेय! सुनंदा, बघ, सीटवर मागे ढकलतेय!” भाजीच्या क्रेटचा तो टेम्पो पुढे दिसला. मिलिंदरावांनी शिस्तीत हॉर्न दिला, सरळ रस्ता मिळाल्यावर त्याला ओलांडलं, आणि मागे बसलेल्या सगळ्यांनी, अगदी आहेरांनीही, त्याला हात करून दाखवला.

कमलताईंनी तिथल्या तिथे ओळ जुळवली, “चढली गं चढली, चौथ्याची गाडी चढली!” कोरसने उचलली. सुनंदाताईंनी वरच्या पट्टीत घेतली. त्या बंद गाडीत तो आवाज इतका भरला की मला टॅबवर काय लिहितेय ते कळेना. मी टॅब बंद केला. सर्व्हेअरने ट्रायल चालू असताना टाळ्या वाजवू नयेत. मी वाजवल्या.

वर पोचल्यावर आहेर दर्शनाला गेले. आम्ही झाडाखाली डबे उघडले. ते परत आले, सगळ्यांना प्रसाद दिला, भाकरी घेतली. जेवता जेवता त्यांची नजर पुन्हा पुन्हा गाडीकडे जात होती. शेवटी म्हणाले, “मी जरा घरी विचारतो.”

“काय विचारता?” शारदा पटकन म्हणाली.

ते खाली बघून म्हणाले, “नाही म्हणजे... आता ही अशी चढते, तर विकावी का, असं वाटायला लागलंय.”

भाकरीचे हात थांबले. मला स्वतःवर हसावं की रडावं कळेना. गाडीतला दोष मी काढला, आणि तो काढता काढता गिऱ्हाइकाच्या हातून गाडीच काढली. मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. गाडी कशी आहे हे सांगणं माझं काम, ती द्यावी की नाही यात मला तोंड नाही.

बोलल्या सुनंदाताई. “दादा, गाडी तुमचीच आहे. आम्ही अजून हातावर काही ठेवलेलं नाही. तुम्हाला ठेवावीशी वाटली तर ठेवा. आम्ही दुसरी बघू. आज आमची सहल झाली, ते काय कमी आहे?” आणि त्यांनी आहेरांच्या पानात तिळगुळाची पोळी वाढली. वरून तूप.

आहेरांना ती पोळी काही सुखाने खाता येईना. त्यांनी बायकोला फोन लावला. आजूबाजूला दुकानांचा गोंगाट, म्हणून स्पीकर लावला. सगळी हकीकत सांगितली.

आहेरवहिनी म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मी तुमच्या गुडघ्याला तेल चोळत होते, ते त्या फ्लोरिंगमुळे?”

आम्ही पदर, रुमाल, जे मिळेल ते तोंडावर धरलं.

“अगं, ते सोड. मी काय म्हणतो, ही ठेवून नवीन काढून टाकू का?”

“काही काढायची नाही. त्या लोकांना शब्द दिलाय ना? बिचाऱ्या बायका एवढ्या लांब आल्या गाडी भरून. त्यांना देऊन टाका. आणि घरी आलात की आधी नवीन गाडीतलं फ्लोरिंग उपटा. कालच मारून आणलंय तुम्ही, चांगलं जाड बघून!”

आहेरांनी स्पीकर बंद करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. कमलताई हसता हसता इतक्या कलंडल्या की मिलिंदरावांना त्यांना धरावं लागलं. आहेरही शेवटी हसायला लागले. “घ्या वहिनी,” ते चावी पुढे करत म्हणाले. “ठरल्याप्रमाणेच. फक्त एक करा. उतरताना मला चालवू द्या. हिचा खरा जोर मला एकदाही मिळाला नाही.”

“भाऊ, उताराला जोर कशाला लागतो?” मी विचारलं.

“मग पुन्हा अर्ध्यातून वर येऊ की!”

आणि आम्ही खरंच आलो. अर्धा घाट उतरलो, गाडी वळवली, आहेरांनी ती वर नेली, पुन्हा खाली आलो. बोरंवाल्या बाईंना आम्ही तिसऱ्यांदा दिसलो तेव्हा त्यांनी विचारलं, “काय हरवलं का तुमचं?”

परतीच्या वाटेवर मी दत्तूनानांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे म्हैस नव्हती ती?”

“नाही नाना, वाघच होता. तुम्ही पंज्याखाली उशी ठेवली होती.”

“आयला!” ते म्हणाले आणि बराच वेळ हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, “त्या गाणारणींना सांगा, सायखेड्यात कार्यक्रम मी लावतो. गाडी घेऊन या म्हणावं. आमच्या घरची सगळी तिला बघतील.”

गाडी त्याच आठवड्यात पाचही जणांच्या संमतीने सुनंदाताईंच्या नावावर करायला दिली. मी राहिलेलं सगळं फ्लोरिंग काढायला लावलं आणि त्यानंतर पुन्हा एकदा संपूर्ण तपासणी केली, कारण एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नसेलच असं नाही. दुसरं नव्हतं. पथक आता कार्यक्रमाला वेळेच्या आधी पोचतं आणि कमलताई आयोजकांना उगीचच विचारतात, “तुमचं स्टेज अजून तयार नाही?”

जुनी गाडी घेणारे मला विचारतात, किती मालक झालेली चालेल? आकडा मी सांगत नाही. शक्य असेल त्या प्रत्येक मालकाला फोन करा आणि गाडी कशी होती हे न विचारता का सोडली ते विचारा. ट्रायल एकट्याने, सपाट रस्त्यावर घेऊ नका. ज्यांना घेऊन फिरायचं आहे ते सगळे बसवा, सामान चढवा आणि जवळचा सगळ्यात वाईट चढ शोधा. जेवणाचे डबे बरोबर असू द्या, त्यात एक सुरी असू द्या.

आणि गाडीत बसलात की यंत्रबिंत्र नंतर लावा. आधी खाली वाका आणि पॅडल कशाला टेकतंय ते हाताने बघा.